तळ्याची पाळ पोखरली जाते तेव्हा

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की इंदूर, सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यातून येणाऱ्या पत्रांत बिळांचा विषय हमखास असतो. या वेळी बहुतेक जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : सांवेरजवळ आमचे शेततळे आहे. पाळीवर बरीच बिळे दिसतात. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले. त्यांत मस्करॅट नावाचा प्राणी तळ्याचे काठ पोखरतो आणि त्याला पाण्याखालच्या सापळ्यात धरतात. मुलगा म्हणतो, हा कस्तुरी उंदीर, म्हणजे आपली चिचुंद्रीच. तसे सापळे मागवावेत का?

मागवू नका, पैसे वाया जातील. मस्करॅट भारतात नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९०५ साली प्रागजवळ काही मस्करॅट सोडले आणि तिथून तो युरोपभर पसरला. त्याच्या बिळाचे तोंड पाण्याखाली असते. तिथून तो वर चढत जाऊन पाळीच्या पोटात कोरडी खोली करतो. म्हणून तिकडचे सापळे पाण्यात लावतात. चिचुंद्रीचा याच्याशी काही संबंध नाही. तिच्या अंगाला उग्र वास येतो, त्यावरून नावाचा घोळ होतो इतकेच. ती किडे, झुरळे खाते, पाळ पोखरत नाही. तिला मारू नका.

तुमच्या पाळीवर बहुधा घूस आहे. शेतातली घूस साधारण पाव किलोची, गडद रंगाची, आखूड तोंडाची, शेपूट अंगापेक्षा कमी लांबीची. घराभोवतीची मोठी घूस किलोभर भरते. डिवचली की डुकरासारखी गुरगुरते. बँडिकूट हे नावही तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे डुक्कर-उंदीर यावरून आले आहे. घूस चांगली पोहते, पण तिच्या बिळाचे तोंड पाण्याच्या वर असते. सापळा, आमिष, जाळी हे सगळे त्यामुळेच वेगळे.

ओळख पटवायची ती पहाटे, ऊन चढण्याआधी. घुशीच्या बिळापाशी उकीर असतो : भुसभुशीत, ओलसर, पाळीच्या वाळलेल्या मातीपेक्षा एक छटा काळा, छोट्या ढेकळांचा ढीग. उकीर बोटांनी बाजूला केला की बहुतेक वेळा भोक दिसतच नाही, कारण घूस आतून मातीचा बूच मारते. बूच काढला की सहा ते आठ सेंटिमीटरचे तोंड सापडते. खेकड्याचे बीळ याहून लहान, पाण्याच्या रेषेलगत, आणि त्याच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतात. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा वेड्यावाकड्या जातात, त्यांच्यापाशी उकीर नसतो. मात्र घूस भेगेतून आत शिरून पुढे बीळ काढते. तेव्हा भेगेच्या काठी ओला उकीर दिसला तर ती भेग म्हणून सोडून देऊ नका.

राहती बिळे, म्हणजे आत घूस असलेली, किती ते मोजल्याशिवाय पुढचे काही करू नका. उंदरांसाठीची नेहमीची रीत अशी की संध्याकाळी सगळी तोंडे मातीने बुजवायची आणि सकाळी उघडलेली मोजायची. घुशीच्या बाबतीत एवढ्याने फसगत होते, कारण ती तोंड स्वतःच बुजवते. म्हणून संध्याकाळी उकीरही पायाने सपाट करा. सकाळी जिथे तोंड उघडे आहे किंवा नवा ओला उकीर चढला आहे, ते बीळ राहते. तिथे बांबूची खूण रोवा.

प्रश्न : गेल्या श्रावणात तळे भरले तेव्हा पाळीच्या बाहेरच्या उतारावर, पायथ्यापासून हातभर वर ओल आली आणि मग करंगळीएवढी धार लागली. बाहेरून काळी माती ठोकून बसवली, तर धार दोन हात बाजूला फुटली. पाळ तीन मीटर उंच, माथा दीड मीटर रुंद. आता तळे तळाला गेले आहे. दुरुस्ती कशी करावी? आणि पुन्हा तसे झाले तर त्या क्षणी काय करायचे? (देपालपूर)

आधी धार बाजूला का फुटली ते बघू. पाळीतून थोडे पाणी झिरपतेच. माती सलग असेल तर ते इतके हळू चालते की कण हलत नाहीत. बिळामुळे पाण्याची वाट आखूड होते. समजा पाळीची जाडी त्या पातळीला सहा मीटर आहे आणि आतून दोन, बाहेरून दोन मीटरचे बीळ आहे. मग पाण्याला मातीतून फक्त दोन मीटर जायचे राहते. जोर वाढतो, पाणी कण घेऊन निघते आणि नळी बाहेरच्या टोकाकडून आत पोखरत जाते. बाहेरून माती ठोकलीत तेव्हा पाण्याचा दाब तसाच राहिला, फक्त तोंड बंद झाले. त्याने शेजारची कच्ची जागा शोधली.

म्हणून भरल्या तळ्याची धार बाहेरून कधीही बंद करू नये. पाणी येऊ द्यावे, माती येऊ देऊ नये. धारेचे पाणी काचेच्या बाटलीत धरून दहा मिनिटे ठेवा. स्वच्छ राहिले तर लक्ष ठेवून काम करता येते. तळाला गाळ बसला तर पाळ आतून वाहून जात आहे, घाई करा. धारेवर आधी जाड रेती, तिच्यावर दहा मिलिमीटरची गिट्टी, त्यावर वीस ते चाळीसची, आणि वर हाताने उचलतील असे दगड, प्रत्येक थर वीतभर. धारेच्या चारी बाजूंना हात-दीड हात पसरेल एवढा ढीग करा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे दगड खाली गेले, की माती दगडांतून निघून जाते आणि सगळी मेहनत फुकट. धार जमिनीतून उकळी फुटल्यासारखी वर येत असेल तर तिच्याभोवती रेतीच्या पोत्यांचे गुडघाभर कडे करा. कड्यात पाणी चढले की दाब कमी होतो. कड्यातून वाहणारे पाणी गढूळ नको, नितळ असले पाहिजे.

त्याच वेळी सांडवा मोकळा करून, पंप लावून पातळी उतरवायला घ्या. एरवी पातळी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवू नये, कारण भिजलेला आतला उतार पाण्याचा आधार गेला की घसरतो. गढूळ धार वाढतच असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवावा लागतो. पाळीखालच्या बाजूला घर, गोठा, झोपडी असेल तर माणसे आणि जनावरे आधी हलवा. २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण रात्री फुटले आणि खालची घरे वाहून गेली. धरण खेकड्यांनी पोखरल्याने फुटले का, यावरून नंतर मोठा वाद झाला. त्या वादात न पडताही एवढे म्हणता येईल की गळतीची खूण आणि फुटणे यांच्यातला वेळ वाया घालवू नये.

आता दुरुस्ती. तळे कोरडे आहे हीच वेळ आहे, आणि पहिल्या मोठ्या पावसाआधी भराव बसायला किमान तीन आठवडे मिळाले पाहिजेत.

बिळात आठ मिलिमीटरची सळई घालून दिशा पाहा आणि बीळ शेवटापर्यंत खणून उघडे करा. तोंडाशी हातभर खणून थांबणे ही सर्वांत मोठी चूक. घुशीची बिळे फांद्या फुटलेली असतात. एखाद्या फांदीच्या टोकाला घरटे, एखाद्यात गव्हाच्या ओंब्या, सोयाबीनच्या शेंगा साठवलेल्या सापडतात. ओंब्या सापडल्या तर त्या सगळ्या काढा. त्या कुजल्या की आत पोकळी पडते. खड्ड्याच्या भिंती सरळ ठेवू नका, फूटभर उंचीच्या पायऱ्या पाडा. सरळ भिंत आणि नवा भराव यांच्या सांध्यातून पाणी वाट काढते.

भरावाला पाळीचीच माती घ्या, ढेकळे फोडून, गवत-मुळ्या वेचून. ओल किती हवी? मूठभर माती दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. दोन-चार तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर जास्त ओली. मोकळ्या मातीचा सहा इंचांचा थर घाला आणि धुमसाने, म्हणजे इथल्या भाषेत दुरमुटाने, चार इंचांवर येईपर्यंत चोपा. पुढचा थर घालण्याआधी खालचा पृष्ठभाग कुदळीने ओरखडा, नाहीतर थर एकमेकांना धरत नाहीत. फूटभराचा थर एकदम टाकून वरून ट्रॅक्टर फिरवला तर वरचे चार इंच दगडासारखे होतात आणि खाली पोकळ राहते. मजूर हे नेहमी करतात, तिथे उभे राहा. शेवटी उताराच्या रेषेपेक्षा तीन इंच वर भरा, कारण माती बसणारच.

खणणे अशक्य असेल, उदाहरणार्थ बीळ सांडव्याच्या भिंतीमागे गेले असेल, तर नऊ भाग चाळलेली माती आणि एक भाग सिमेंट यांचा पिठल्यासारखा रबडा करा. बिळाच्या वरच्या अंगाला तीन फुटी उभा पाइप बसवून त्यातून तो ओता. पातळी खाली जायची थांबेपर्यंत ओतत राहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. बिळात विटांचे तुकडे, कचरा किंवा काटेरी फांद्या कोंबू नका. तुकड्यांमधून पाणी चालते आणि फांद्या दोन वर्षांत कुजून पोकळ नळी तयार होते.

पाळीवर आणि आतल्या काठाला बेशरम नावाचे झुडूप माजले असेल तर मुळासकट काढा. घुशीला त्याच्याइतका चांगला आडोसा दुसरा नाही, आणि त्याच्या दाटीत बिळे दिसतही नाहीत. उतारावर हरळी लावा आणि वीतभरापेक्षा वाढू देऊ नका. ज्या लांबीत बिळे परत परत होतात तिथे बारा मिलिमीटर भोकाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश उतारावर अंथरा : पूर्ण पातळीच्या दोन फूट खालपासून माथ्यापर्यंत, पट्ट्यांची जोड वीतभर एकमेकांवर, मीटरमीटरवर दोन फुटी आकडे ठोकून, वर चार इंच माती. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी नको, घूस ती कुरतडते.

प्रश्न : तळ्यात रोहू-कटला आहेत, घरी कुत्रा आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून गव्हाच्या पिठात झिंक फॉस्फाइड कालवून गोळ्या टाकल्या. पहिल्या दिवशी चार घुशी मेल्या, त्यानंतर एकही शिवत नाही. मात्रा वाढवू का? (महू)

वाढवू नका. मात्रेत चूक नव्हती, सवय लावली नव्हती ही चूक. घूस नवे खाणे आधी चाखते. चाखताच पोटात दुखले आणि ती वाचली, तर ती ते आमिष महिना-दोन महिने टाळते. पिठात पाणी घातले असेल तर दुसरी चूक. ओलाव्याने या पावडरीतून फॉस्फिन वायू सुटतो. औषधाचा जोर कमी होतो आणि तो वायू कालवणाऱ्याच्या नाकात जातो.

आता या हंगामात झिंक फॉस्फाइड पूर्ण बंद ठेवा आणि ब्रोमॅडिओलोन वापरा. ०.२५ टक्क्याचे पावडर-औषध २० ग्रॅम, शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल २० ग्रॅम, भरडलेला गहू किंवा ज्वारी ९६० ग्रॅम. आधी तेल दाण्याला चोळा, मग औषध टाकून काठीने हलवा. हातमोजे, नाकाला फडके, जुने भांडे, आणि ते भांडे पुन्हा घरात नाही. कागदाच्या पुडीत १५ ग्रॅम बांधून राहत्या बिळात हातभर आत सारा आणि तोंड मातीने बंद करा. घूस चार ते दहा दिवसांत मरते. दुखणे उशिरा येत असल्याने तिला आमिषाचा संशय येत नाही. रोज सकाळी फिरून मेलेल्या घुशी चिमट्याने उचला आणि दोन फूट खोल पुरा. हे सोडू नका. मेलेली किंवा मरतुकडी घूस कुत्र्याने, घुबडाने खाल्ली तर विष त्यांच्यात उतरते. कुत्र्याच्या हिरड्यांतून रक्त, काळी विष्ठा, मरगळ दिसली तर औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन लगेच पशुवैद्याकडे न्या. महूलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. यावर के१ जीवनसत्त्वाचा उतारा चालतो. झिंक फॉस्फाइडला असा उतारा नाही.

पुढे कधी झिंक फॉस्फाइड वापरलेच तर आधी तेल चोळलेला साधा भरडा दर बिळाला २० ग्रॅम टाकून दोन-तीन दिवस खाऊ द्या. मग ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम औषध या प्रमाणातले आमिष, दर बिळाला १० ग्रॅम, एकच संध्याकाळ. दोन्ही औषधे माशांना घातक आहेत. आतल्या उतारावर, पाण्याच्या रेषेजवळच्या बिळांत ती घालू नका. तिथे पिंजरा लावा. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी देऊ केल्या तरी घेऊ नका. त्यांच्या वापरावर कायद्याने बंधने आहेत आणि त्यांचा वायू माणूस मारतो.

हंगामाचेही लक्षात घ्या. गहू निघाला की शेतात खायला राहत नाही आणि घुशी पाळीवर, बांधावर एकवटतात. मे ते जूनचा पहिला आठवडा ही मोहिमेची वेळ, आणि शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांनी त्याच आठवड्यात केली तरच तिचा उपयोग. एकट्याने केलेत तर रिकामे बीळ शेजारची घूस घेते. मात्रेबद्दल शंका असेल तर कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्रनगरात आमचे जुने बैठे घर आहे. अंगणातले पेव्हर कंपाउंडच्या भिंतीलगत खचतात, भिंतीला तिरकी चीर गेली आहे, रात्री मोठी घूस दिसते. दोन पिंजरे लावले, एकही सापडली नाही. सासूबाई म्हणतात, भोकात काचा आणि सिमेंट भरा.

सासूबाईंचे निम्मे बरोबर आहे. काच-सिमेंटने तोंड पक्के बंद होते, पण घूस त्याच्या शेजारून वाट काढते आणि खालची पोकळी तशीच राहते. पेव्हर त्या पोकळीत खचत आहेत.

खचण्याची रेषा पाहा. ती ड्रेनेजच्या लाइनीवरून जात असेल तर मूळ तिथे आहे. जुन्या घरांत चिनी मातीचे पाइप असतात, सांध्यातला सिमेंट गळून पडतो आणि घूस सांध्यातून ये-जा करते. खालच्या चेंबरचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करा, वरचा चेंबर पाण्याने भरून खडूने खूण करा. अर्ध्या तासात पातळी उतरली तर पाइप फुटलेला आहे. तो बदलल्याशिवाय बाकीचे काम सुरू करू नका.

पाइप ठीक असेल तर पेव्हर उचला, पोकळी खणून उघडी करा, मुरूम ओला करून सहा-सहा इंचांच्या थरांत चोपा. भिंतीच्या बाहेरून दोन फूट खोल चर घ्या. त्यात बारा मिलिमीटरची वेल्डमेश उभी सोडा आणि तळाशी तिचा एक फूट भाग बाहेरच्या बाजूला, इंग्रजी ‘एल’सारखा वळवा. घूस भिंतीला लागून खाली खणते, जाळी लागली की आडवी सरकत नाही, तिथेच खणत राहते. म्हणून हा वळवलेला भाग हवाच. जाळी लोहामंडीत मापाने कापून मिळते. भिंतीची चीर या कामानंतर दोन महिन्यांनी, हालचाल थांबल्यावरच भरा.

पिंजरे बहुधा अंगणाच्या मध्ये ठेवले असतील. घूस भिंतीच्या कडेने, ठरलेल्या वाटेने चालते. तिथे मातीवर काळपट, तुळतुळीत पट्टा दिसेल. पिंजरा त्या पट्ट्यावर, भिंतीला चिकटून, दीड फूट लांबीचा. पहिले तीन दिवस दार बांधून उघडे ठेवा आणि आत भजे किंवा सुकट ठेवत जा. चौथ्या रात्री दार सोडवून खटका लावा. पकडलेली घूस दुसऱ्या वस्तीत सोडू नका. रबरी हातमोजे घाला. घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. काम झाल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना हे काम केल्याचे जरूर सांगा.

अंगणात कबुतरांना ज्वारी टाकत असाल तर ती बंद करावी लागेल.

प्रश्न : बिळात मोटारीचे पाणी सोडले किंवा मिरचीचा धूर केला तर घूस जाते का?

जाते, आणि परत येते. पाण्याने मात्र पाळ आतून भिजते आणि पोकळी मोठी होते. तळ्याच्या पाळीवर हा उपाय कधीही करू नका.

प्रश्न : प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात ५०० मायक्रॉनचा कागद काठाजवळ कुरतडलेला सापडतो. ठिगळ टिकत नाही.

कुरतडणे सुरू होते ते चुणी पडलेल्या जागी आणि चरात दाबलेल्या कडेला. सपाट ताणलेल्या कागदाला दातांची पकड मिळत नाही. कड दोन फूट खोल चरात घेऊन माती चोपून भरा, वर ढिली चुणी ठेवू नका. ठिगळ फाटलेल्या जागेपेक्षा सर्व बाजूंनी वीतभर मोठे हवे. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा आणि गरम हवेच्या मशीनने जोडा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी तिथून सुटते. चिकटवण्याचा साधा गोंद या कागदाला धरत नाही. त्याआधी खालचे बीळ खणून भरलेले असले पाहिजे, नाहीतर पाण्याच्या वजनाने कागद त्या खळग्यात ताणून फाटतो.

प्रश्न : पाळीत फूटभर रुंद बीळ आहे, तोंडाशी काळे-पांढरे काटे पडलेत. शेजारी घोरपडही दिसते. यांचे काय करायचे?

काटे आहेत म्हणजे साळिंदर. साळिंदर आणि घोरपड दोघांनाही वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. विष, फासा, धूर काही नाही. वनविभागाला कळवा. बिळाच्या तोंडाशी बारीक राख पसरून ठशांवरून पाहा. साळिंदर रात्री बाहेर पडते, बीळ रिकामे असल्याची वनकर्मचाऱ्यांसमोर खात्री झाली की मगच वर सांगितल्याप्रमाणे खणून, पायऱ्या पाडून भरा. पिल्ले असतील तर थांबावे लागते. तोवर तळ्याची पातळी बिळाच्या तळापेक्षा दोन फूट खाली ठेवा. धामण दिसली तर तिला राहू द्या, ती घुशीची पिल्ले खाते. पाळीपासून थोड्या अंतरावर घुबडांना बसायला आठ-दहा फुटी टी आकाराचे खांब रोवले तर तेही उपयोगी पडतात, फक्त त्या महिन्यात ब्रोमॅडिओलोन टाकलेले नसावे.